खिंडीखाली लागणारा रेडिओ

मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय ठमे,

तुझं पत्र आणि सोबतची सामानाची यादी येऊन आज एकवीस दिवस झाले. तू एकच प्रश्न विचारला होतास, आणि तोही जिचं सगळं आयुष्य रेडिओत गेलं तिला: आई, डोंगरात कुठला रेडिओ नेऊ? फोनवर मी तीनदा ‘बघते’ म्हणाले आणि विषय बदलला. तुला वाटलं असेल, आई टाळाटाळ करतेय, नाहीतर तुझ्या जाण्यावर रुसून बसलीये. रुसले नाहीये गं. मी घाबरलेय. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुला अंदाज बांधत बसायला नको. तू बारा तारखेला निघणार, बत्तीस दिवस एकटी चालणार आणि नवव्या दिवशी त्या खिंडीपाशी पोचणार. मी हे कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवलं आणि तेव्हापासून जेवणावरची वासनाच उडाली. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण रिसीव्हर कानाला लावला की माझा आवाज आपोआप बातम्यांचा होतो आणि तू म्हणतेस, आई, स्टुडिओतून बाहेर ये. कागदावर तरी मला तो आवाज लावता येत नाही.

यादी वाचून मात्र पोट धरून हसले. दातांच्या ब्रशचा दांडा कापून म्हणे अकरा ग्रॅम वाचवले! टॉवेलचा अर्धा रुमाल केलास, कंगव्याचे दात निम्मे केलेस. अगदी बाबावर गेलीस. त्याने एकदा वजन कमी करायला चमच्याला भोकं पाडली होती आणि पहिल्याच संध्याकाळी त्या चमच्याने सूप प्यायला बसला होता. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, ती गोष्ट ऐकून तू जमिनीवर लोळली होतीस. पण तुझ्या यादीच्या तळाशी जे लिहिलं होतंस, ते वाचून हसू कुठल्या कुठे पळालं. ‘रेडिओच्या बाबतीत मी ग्रॅम मोजणार नाही. बाबासारखं खेळणं घेऊन जायचं नाही मला. त्याचा रेडिओ खिंडीखाली लागला असता तर त्याला वादळाचा इशारा कळला असता आणि तो आज असता. मला रोज सकाळी सहा दहाच्या हवामानात तुझा आवाज स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तू नको म्हणालीस तर मी तंबूबाहेर पाय टाकणार नाही.’ एवढं लिहून तू खाली हसरा चेहरा काढला होतास. मी ती यादी घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. कोणीतरी माझ्यावर इतका विश्वास टाकावा हे मला पेलवेना.

शेवटी गेल्या आठवड्यात भोंगामामाच्या दुकानात गेले. तुला तो आठवत असेलच. आमच्या केंद्रात काचेपलीकडे बसून आवाजाच्या खुंट्या फिरवायचा तो तंत्रज्ञ, तुला खांद्यावर घेऊन जिने उतरायचा. निवृत्त झाल्यापासून जिन्याखालच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करतो. आवाज अजून तसाच, शेजारच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक दचकून मान हलवतं. तू चालायला निघालीयेस म्हटल्यावर त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. मग एकेक रेडिओ काढून माझ्यासमोर मांडायला लागला. हाताने फिरवायच्या दांडीचा आधी बाजूला सारला, वजन फार आणि दांडी पहिल्या थंडीत मोडते म्हणाला. ज्यात टॉर्च, शिट्टी, होकायंत्र आणि घड्याळ आहे तो उचलून म्हणाला, यात रेडिओ सोडून सगळं आहे. फक्त एफएमवाले दोन होते, एक तर काडेपेटीएवढा. ते तुला डोंगरापलीकडे काही कामाचे नाहीत, कारण ती लहर सरळ जाते आणि कडा आडवा आला की संपली. आमचं केंद्र मीडियम वेव्हवर आहे, ती लहर डोंगराला वळसा घालून दरीत उतरते. म्हणून तो पट्टा हवाच, आणि त्यासाठी आत लहर पकडणारी लांब काळी कांडी हवी. रेडिओ चपटा आणि सुबक करायच्या नादात हल्ली ती कांडी आखूड घालतात.

निघताना त्याने तीन रेडिओ माझ्या पिशवीत घातले, दुकानात सगळेच बोलतात, डोंगराआड नेऊन बघ म्हणाला. आणि मग त्या भल्यामोठ्या आवाजाच्या माणसाने इतक्या हळू विचारलं की मला पुढे वाकावं लागलं: तिला सांगितलंस का? मी नाही म्हणाले. तो म्हणाला, मग रेडिओ कसला निवडतेस. मी पायरी उतरले. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

माझ्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी पहाटेच, शेवटच्या थांब्यापर्यंत बसने गेले आणि दगडखाणीच्या मागच्या बाजूने उतरले. तिथे टेकडी पूर्ण आड येते. माझे गुडघे तुला माहीत आहेत, दोनदा बसतच घसरले. सहा वाजून आठ मिनिटांनी तिन्ही रेडिओ एका दगडावर मांडून बसले, बाजार मांडल्यासारखे. चकचकीत पडद्याचा होता तो नुसताच फुसफुसला. दुसरा लागला, पण खिशात ठेवून चार पावलं चालले तर बटण दाबलं जाऊन भलतीकडेच गेला. तिसरा करडा, जाडसर, एका बाजूला गोल खुंटी आणि वर बटणं बंद करायचा खटका. तो सरळ धरला तर घरघर, पण आडवा करून हळूहळू फिरवला आणि आवाज असा आला की मी चमकले. रविवारी हवामान आमची रेशीमगळा वाचते, माझ्यानंतर रुजू झालेली, तू तिला मागे केंद्रात भेटली होतीस. ती म्हणाली, पुढचे चोवीस तास आकाश निरभ्र, वारा मंद. आणि मी, अठ्ठावीस वर्षं हेच काम करणारी बाई, त्याबरोबर स्वेटर काढून कमरेला बांधला. वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. कोणी एक बाई बंद खोलीत कागद हातात धरून बोलते आणि दगडावर बसलेला माणूस स्वेटर काढतो. तिथे बसल्या बसल्या मला दरदरून घाम फुटला.

तर, तो करडा घ्यायचा. त्याचं ठरलं. वजन तू ब्रश कापून वाचवलंस त्याच्या पंचवीस पट आहे, पण कुरकुर करू नकोस. आतली बॅटरी चार्ज करायची भानगड नाही, दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतो, आणि सेल लिथियमचे घे, ते थंडीत लवकर मान टाकत नाहीत. रात्री सेल काढून झोपायच्या पिशवीत पायमोज्यात ठेव. ऐकताना मोबाइल दहा पावलं लांब ठेव, नाहीतर त्याचीच घरघर ऐकत बसशील. लागला नाही तर जागा बदलू नकोस, आधी रेडिओ फिरव. आणि चालताना खटका लावून ठेव. पाहिलंस, इतकं सगळं मला सुचतं, माझी लेखणी इथे भराभर चालते. पुढचं लिहायची वेळ आली की मी उठून गॅसवर चहाचं पाणी ठेवते. दुपारपासून चार कप झाले.

मागच्या महिन्यात एक प्रकार झाला, तो मी तुला सांगितला नव्हता. सकाळचं हवामान वाचत होते. अर्ध्यावर आले आणि एकाएकी मला आठवेना, की कागदावरची तारीख मी बघितली का. बघितली असणारच. मी रोज तीनदा बघते, बोट ठेवून बघते, पोरी मला हसतात. पण त्या क्षणी खात्री पटेना, आणि वाचतावाचता कागदाच्या वर नजर जाईना, जणू तिथे कोणी उभं होतं. मी थांबले. अकरा सेकंद हवेत काही नव्हतं. अकरा सेकंद म्हणजे आमच्या धंद्यात छप्पर कोसळण्यासारखं. काचेपलीकडचा नवा तंत्रज्ञ दोन्ही हात हलवायला लागला, केंद्रप्रमुख चहाचा कप घेऊनच धावत आल्या. तारीख बरोबर होती. मी घशाचं कारण सांगितलं, सगळ्यांनी मला लवंगा आणून दिल्या. मी त्या चघळत बाथरूममध्ये जाऊन रडले. हे काही त्या दिवसाचंच नाही, ठमे. एकोणीस वर्षं झाली, सहा दहाचा लाल दिवा लागला की मी पुन्हा एकदा तारखेवर बोट ठेवते. तू लहानपणी म्हणायचीस, आई, तू कामावरून आल्यावर तुझे हात गार का असतात. मी म्हणायचे, स्टुडिओत एसी असतो.

आता तुला आमच्या कामाची एक पद्धत सांगते, तू कधी विचारली नाहीस. हवामान खात्याचा माणूस फोनवर मजकूर सांगतो, टेबलावरची बाई तो छापील कागदावर उतरवते, त्यावर वेळ आणि तारीख घालते. सकाळचा आणि संध्याकाळचा कागद अगदी एकसारखा. मजकूरही ठरलेला, पुढचे चोवीस तास अमुक, पुढचे चोवीस तास तमुक. वाचून झालं की वाचणाऱ्याने सही करायची आणि स्वतःच्या हाताने तो कागद भिंतीवरच्या लांब खिळ्यात टोचायचा. दुसऱ्याने टोचायचा नाही, नंतरही टोचायचा नाही. जुना कागद टेबलावर राहता कामा नये, एवढ्यासाठीच हा खिळा. बाबा निघाल्याच्या आठव्या दिवशी संध्याकाळचीही पाळी माझीच होती. सात वाजता, मी वाचून नुकतीच बाहेर आले तोच, त्याचा फोन आला, खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावरच्या नाण्याच्या फोनवरून. आठ दिवसांनी आवाज ऐकला मी त्याचा. भरभर बोलत होता, नाणी संपत आलेली. तुझ्यासाठी एक निरोप सांगितला, आणि हाताशी होता त्याच कागदाच्या पाठीवर मी तो लिहून घेतला. तुला घरी नेऊन दाखवायचा म्हणून मी तो कागद खिळ्यात टोचला नाही. आणि आनंदाच्या भरात पर्समध्ये टाकायलाही विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळीही माझीच होती.

मी तोच कागद उचलून वाचला, ठमे. आकाश निरभ्र, वारा मंद. सकाळचा नवा कागद फोनच्या वहीखाली सरकला होता, आणि त्यावर लिहिलं होतं की दुपारपासून बर्फाचं वादळ, खिंड कोणीही ओलांडू नये. एक वाजता खिडकीबाहेर अंधारून आलं तेव्हा मी पुन्हा टेबलाशी गेले आणि दोन कागद दिसले. मुक्कामावर फोन लावला, तो साडेसहालाच निघून गेला होता. मग मी काय केलं ते ऐक. जो वाचलाच नव्हता त्या कागदावर मी सही केली आणि तो खिळ्यात टोचला, म्हणजे मी इशारा वाचला असं दिसावं. भोंगामामाने काचेतून ते पाहिलं. प्रसारणाची टेप तेव्हा तिसऱ्या दिवशी पुसून परत वापरायचो, त्याने ती पुसू दिली, तुझं पोर लहान आहे, नोकरी सांभाळ म्हणाला. दोन महिन्यांनी त्या मुक्कामाचा राखणदार दीड दिवसाचा प्रवास करून आपल्या घरी आला. तू आत झोपली होतीस. तो म्हणाला, साहेब पाठीवर सॅक अडकवून अंगणात उभे राहिले, रेडिओ आडवा धरून फिरवला, मीपण शेजारीच होतो, बाई, तुमचा आवाज अगदी समोर बसून बोलल्यासारखा येत होता, आणि तुम्ही आकाश निरभ्र म्हणालात ना? मी त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात बघून सांगितलं, नाही, तुमची ऐकण्यात चूक झाली, तो रेडिओच भंगार होता, दुसरं कुठलं तरी केंद्र लागलं असणार. तो माझी माफी मागून गेला. बाबाच्या भंगार रेडिओची गोष्ट त्या दिवशी मी तयार केली, मग ती सगळ्यांना सांगितली, आणि तू तीच खरी मानून मोठी झालीस, आपल्या बाबाने हलक्या वजनापायी जीव घालवला असं म्हणत राहिलीस, आणि मी ऐकत राहिले. त्याने काहीही चुकीचं केलं नाही. त्याचा रेडिओ चांगला होता. तो थांबला, त्याने नीट ऐकलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला, अगदी तू ठेवायचं म्हणतेस तसा. म्हणून हे पत्र. माझा आवाज ऐकून तू त्या खिंडीकडे पाऊल उचलणार आणि तुला हे माहीत नसणार, हे मला सहन होणार नाही. काल केंद्रप्रमुखांना सगळं लिहून दिलं, तुझ्या चालण्याच्या दिवसांत सकाळचं हवामान रेशीमगळाच वाचेल, माझं काय करायचं ते त्या ठरवतील. त्याची मला भीती नाही. डोंगराची आहे, पण तीही आता दुसऱ्या क्रमांकावर. पहिली भीती तुझी वाटते, हे वाचून झाल्यावर तुझा चेहरा कसा होईल त्याची. त्या कागदाच्या पाठीवरचा निरोप मी तुला कधीच दिला नाही, कारण तो द्यायचा तर कागदाचंही सांगावं लागलं असतं. तो असा होता: ‘ठमीला सांग, तिची आई रोज सकाळी एवढा डोंगर चढून इथवर येते आणि तिला दमसुद्धा लागत नाही.’ रेडिओ पोस्टाने पाठवत नाहीये, मी शनिवारी दिवसभर घरी आहे. यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी काही म्हणणार नाही. मग रेडिओ भोंगामामाच्या दुकानात ठेवते. मला भेटू नकोस हवं तर, पण रेडिओ घेऊन जा.

तुझीच,
आई